वाईची भट्टी : घरचं तूप, घरचं पीठ आणि किलोला ६० रुपये

आमच्या वाईत नदीवरचा पूल ओलांडला की थोडं पुढे एक बोळ लागतो. त्या बोळात जुनी भट्टी आहे. दारावर पाटी आहे, पण पाटीवरचं नाव गावात कोणी घेत नाही. माझ्या लहानपणी सगळे नुसतं ‘भट्टी’ म्हणायचे, आजही तेच म्हणतात. वर्षभर तिथे पाव, टोस्ट, बटर, खारी होते. मी लिहितेय ते मात्र दिवाळीआधीच्या पंधरा दिवसांत तिथे जे काम करून मिळतं त्याबद्दल. आपण आपलं सामान घेऊन जायचं, त्यांनी नानकटाई भाजून द्यायची, आपण मजुरी द्यायची आणि डबा भरून घरी यायचं.

गेल्या दिवाळीत मी दोन किलो मैद्याची करून आणली. दोनशेला चार कमी भरल्या. मजुरी किलोला ६० रुपये, म्हणजे १२० रुपये, आणि त्यातलेही काही त्यांनी स्वतःहून कमी केले. ते का, ते पुढे सांगते. आधीच सांगून टाकते की चव, खुसखुशीतपणा आणि माणसांची वागणूक या तिन्ही गोष्टींत मी या भट्टीला पैकीच्या पैकी मार्क देईन. सोयींच्या बाबतीत मात्र हात आखडता घेईन.

माझं माहेर गणपती आळीतलं. ढोल्या गणपतीच्या देवळापासून दोन मिनिटांवर घर. १९८०-८१ च्या सुमाराला घरी ओव्हन कोणाकडेच नव्हता, आणि वाईत तरी नानकटाई विकत आणायची पद्धत नव्हती. चकली, शेव, लाडू, करंज्या घरी व्हायच्या. नानकटाईला आच सगळीकडून लागते, ती चुलीवर किंवा स्टोव्हवर कशी देणार? म्हणून भट्टी. दिवाळीला रेशनवर थोडी जादा साखर मिळायची, त्यातली एक वाटणी आई नानकटाईसाठी बाजूला काढून ठेवायची. ती साखर जात्यावर दळायची आणि वस्त्रगाळ करायची. दळताना मी समोर बसलेली असायचे. जात्याच्या कडेने पांढरी पिठी पडायची, ती बोटाने उचलून जिभेवर ठेवली की आई माझ्याकडे न बघताच म्हणायची, “पुरे.”

खरं काम तुपाचं. महिनाभर साय साठवून कढवलेलं तूप आई आदल्या रात्री परातीत काढून ठेवायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाईत रात्री गारवा येतो, सकाळपर्यंत तूप रवाळ थिजायचं. मग ते फेसायला बसायचं. पळी नाही, रवी नाही, तळहाताच्या मागच्या बाजूने एकाच दिशेने गोल गोल. अर्धा तास तरी. पिवळं तूप हळूहळू फिकं होतं, मग पांढरं, मग हाताला हलकं लागायला लागतं. झालं की नाही ते बघायची आईची एकच रीत होती. वाटीत पाणी घ्यायचं आणि बोटभर तूप त्यात सोडायचं. अलगद तरंगलं, पसरलं नाही, की झालं. त्यात भरपूर हवा कोंडलेली असते, तीच पुढे भट्टीत नानकटाई हलकी करते. पसरलं तर पुन्हा दहा मिनिटं. मी दहा वर्षांची झाले तेव्हा पहिल्यांदा आईने परात माझ्याकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी दप्तर उचलताना खांदा दुखत होता, आणि मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

प्रमाण लिहून ठेवते, कारण बऱ्याच जणी विचारतात. मैदा एक किलो, बारीक रवा १०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम, तूप ६०० ग्रॅम, पिठीसाखर ६०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, सपाट चमचा खायचा सोडा, वेलची, जायफळ. तूप फेसून झालं की साखर, पुन्हा थोडं फेसायचं, मग चाळलेलं कोरडं सगळं. इथे एक गोष्ट जपायची : मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मैद्याला हात जास्त लागला की त्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई खुसखुशीत व्हायच्या ऐवजी दाताला कडक लागते.

हे इतकं लिहायचं कारण असं की भट्टीवर आता मिक्सर आलाय. मैदा, तूप, साखर नेऊन दिलं तर ते पीठही भिजवून देतात, किलोला २० रुपये जास्त. गेल्या दिवाळीत माझ्यासमोर एका ताईंनी तसं करून घेतलं आणि त्यांनी मला एक चवीला दिली. वाईट अजिबात नव्हती. पण मोडली तेव्हा तिचे दोन तुकडे झाले. आमच्या घरी नानकटाई मोडली की तिचा चुरा हातात आला पाहिजे. तेव्हा माझा सल्ला : वेळ नसेल तर मिक्सर चालेल, पण जमत असेल तर पीठ घरूनच न्या.

लहानपणी आम्ही परातीवर पांढरं धोतर बांधून पीठ न्यायचो. आई पुढे, परात तिच्या कमरेवर, मागे मी पिवळा डालड्याचा डबा घेऊन, ज्यावर हिरवं ताडाचं झाड असायचं. (डालडा आमच्याकडे येत नसे, रिकामा डबा मात्र मामाकडून आला होता आणि वीस वर्षं टिकला.) तेव्हा जुना दगडी पूल होता. आता तो पाडून नवा बांधलाय, रुंद झालाय, गाड्या सरळ निघून जातात. जुन्या पुलावर समोरून एसटी आली की कठड्याला चिकटून उभं राहावं लागे, आणि आई दोन्ही हातांनी परात धरून एसटीकडे पाठ करायची, धूळ पिठावर बसू नये म्हणून.

भट्टीच्या ओसरीवर बायका ओळीने बसलेल्या असायच्या. भट्टीवाले लोखंडी पत्रे द्यायचे, एका पत्र्यावर चाळीस बसतात. तिथेच बसून गोळे वळायचे, चपटे करायचे, पत्र्यावर लावायचे. प्रत्येक घराची खूण वेगळी. कोणी सुरीने फुली मारायचं, कोणी काट्याने रेघा ओढायचं, एक आजी बाटलीच्या झाकणाने गोल उमटवायच्या. आमची खूण म्हणजे मधोमध करंगळीचा खळगा आणि त्यात एक चारोळी. पत्र्याच्या कडेला खडूने आडनाव लिहायचं, पण खडू भट्टीत पुसला जायचा, म्हणून खरी ओळख खुणेचीच.

पाळी यायला दोन-दोन तास लागत. आम्हा मुलांना तेवढ्या वेळात घाटावर पळायची मुभा असे. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मधलं, रास्त्यांनी बांधलेलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिथे फाटतं आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातं. दिवाळीत नदी शांत असायची. घाटाच्या पायऱ्यांवर बसलं की पलीकडून भट्टीचा वास येतो, असं आम्ही पैजेवर सांगायचो. येत असेलच असं नाही, पण मला तो आजही त्या पायऱ्यांवर येतो.

त्या वेळी भट्टी चाचा बघायचे. उंच, खांद्यावर कायम एक मळकट पंचा. आईला ‘वहिनी’ म्हणायचे. भट्टी म्हणजे विटांची बुटकी, घुमटासारख्या छताची खोली, पुढे एक चौकोनी तोंड. पहाटे आत लाकडं पेटवून ती तापवतात. तेव्हा सगळ्यात कडक आचेवर पाव भाजले जायचे. ते निघाले की निखारे ओढून बाहेर काढायचे, आणि लांब बांबूला बांधलेलं ओलं गोणपाट आत फिरवून जमीन पुसून घ्यायची. तेव्हा जो चर्रर्र आवाज आणि वाफेचा लोट येतो, तो बघायला आम्ही मुलं दारात गर्दी करायचो. मग भट्टी उतरायला लागते. नानकटाईला ही उतरती आच लागते. चाचा चिमूटभर मैदा भट्टीच्या जमिनीवर भिरकावून बघायचे. मैदा लगेच काळा पडला तर म्हणायचे, “अजून तापट आहे, बसा जरा.” हळूहळू सोनेरी झाला की पत्रे आत. त्यांनी थर्मामीटर कधी वापरलेला मी पाहिला नाही. आता त्यांचा नातू भट्टी बघतो, तोही मैदाच टाकतो. मी मुद्दाम उभी राहून बघितलं.

घरच्या छोट्या ओव्हनमध्ये मी बऱ्याचदा करून पाहिली आहे. एका वेळी सोळा बसतात, दोन किलोला अख्खी दुपार जाते, आणि वरची कॉइल जवळ असल्याने वरून रंग आधी येतो, आत ओलसर राहतं. भट्टीत विटा वरून, खालून, बाजूने सारख्या तापलेल्या असतात आणि आच हळूहळू कमी होत जाते. त्यामुळे नानकटाई आतपर्यंत भाजली जाते, कोरडी होते, आणि रंग मात्र फिकटच राहतो. वर ज्या बारीक भेगा पडतात त्याही इथे जास्त सुरेख पडतात. बाजारातल्या पाकिटावरची बारीक अक्षरं एकदा वाचून बघा, बहुतेकांत तुपाच्या जागी वनस्पती तेल असतं. मी त्या नानकटाईला नावं ठेवत नाही, पण दिवाळीच्या ताटात मला ती नको.

आता १९८१ ची गोष्ट. मी पाचवीत होते. भट्टीवरून डबा घेऊन घरी आलो, आईने झाकण उघडलं, एक नानकटाई मोडली, तोंडात टाकली आणि थांबली. म्हणाली, “ही आपली नाही.” मी बघितलं तर खळगा होता, पण चारोळी नव्हती. मला वाटलं, भाजताना पडली असेल. आई म्हणाली, “डालड्याची आहे. आणि वेलची बघ किती.” मला डबा घेऊन परत पाठवलं. भट्टीच्या दारात आमच्याच आळीतल्या एक काकू तसाच पिवळा डबा घेऊन उभ्या होत्या, चेहरा अगदी पडलेला. त्यांच्या घरी सहा मुलं, मिळवते एकटे काका. डबा उघडल्याबरोबर मुलांनी चार-पाच खाऊन टाकल्या होत्या, आणि त्या कोणाच्या ते कळल्यावर काकूंना रडू येत होतं. चाचांनी दोन्ही डब्यांतली एकेक काढली, मोडली, नुसता वास घेतला आणि डबे अदलाबदल करून आमच्या हातात दिले. मग काकूंना म्हणाले, “पोरांनी खाल्लं ते मोजायचं नसतं.”

मी घरी येऊन सगळं सांगितलं. आईने काही न बोलता दहा नानकटाया ताटलीत काढल्या, वर रुमाल टाकला आणि मला काकूंकडे पाठवलं. तासाभराने काकूंचा मोठा मुलगा तीच ताटली परत घेऊन आला, तिच्यात त्यांच्या दहा होत्या. आई संध्याकाळी बाबांना सांगत होती, “त्यांची कुरकुरीत जास्त आहे हं.” ते खरंच होतं. डालड्याने कुरकुरीतपणा येतो, तुपाने वास आणि भुसभुशीतपणा. त्या दिवाळीपासून दर दिवाळीला दहा जायच्या आणि दहा यायच्या.

गेल्या दिवाळीकडे येते. मी आता पुण्यात राहते. वसुबारसेच्या चार दिवस आधी स्वारगेटहून एसटीने निघाले. सुरूर फाट्याला गाडी हायवे सोडून वळते तेव्हा मी नेहमी खिडकीकडे सरकते, कारण डोंगरांची ओळ तिथून दिसायला लागते. आईला ८१ वर्षं पूर्ण झाली. तिच्या हाताने आता तूप फेसलं जात नाही. ती खुर्चीत बसून बघते आणि पाण्याची वाटी तिच्याच हातात असते. मी दोनदा म्हटलं झालं, दोन्ही वेळा तिने तूप पाण्यात सोडून बघितलं आणि म्हणाली, “अजून.”

भट्टीवर सकाळी ११ ला पोचले. पाव आणि टोस्टसाठी त्यांनी काही वर्षांपूर्वी डिझेलवरचा फिरता ओव्हन घेतलाय, पण लाकडाची भट्टी दिवाळीच्या पंधरवड्यात आणि मे महिन्यात पेटवतात. मे महिन्यात बिस्किटं करून न्यायला लोक येतात. चाचांच्या नातवाला मी विचारलं, हे परवडतं का? तो म्हणाला, “मावशी, लाकूड महाग झालंय. आठवड्याला पन्नास-साठ घरं आली तर पेटवतो, कमी आली तर बंद करावी लागेल.” लिहायला बसले त्याचं हेही एक कारण आहे. वाई, पाचगणी, भुईंज, पसरणी, आसपासच्या गावांतली जी माणसं हे वाचत असतील त्यांनी एक किलोची तरी करून बघा.

माझे पाच पत्रे लागले. मधे एकदा त्याने पत्रे काढून पुढचे मागे आणि मागचे पुढे केले, कारण भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात आच जास्त असते. तरीही एका पत्र्याची मागची ओळ, आठ नानकटाया, करपटल्या. माझं लक्षही नव्हतं. त्यानेच पत्रा माझ्यासमोर आणून ठेवला, म्हणाला, “ह्या माझ्याकडून लागल्या,” आणि मजुरीतले २० रुपये कापले. मी नको म्हटलं, पण त्याने ऐकलं नाही. त्या आठ मी वेगळ्या बांधून घेतल्या, कारण आईला थोडी लागलेलीच आवडते.

तक्रारी सांगायला हव्यात. पहिली आणि मोठी : गरम नानकटाई निवायला वर्तमानपत्रावर पसरतात. तूप असलेला पदार्थ छापील कागदावर टाकू नये, शाई उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही हे सांगितलेलं आहे. मी तसं म्हटल्यावर त्याने लगेच कागद काढला, पण दुसरं काही जवळ नव्हतं. तुम्ही घरून स्वच्छ सुती कापड न्या, एक मोठं धुतलेलं धोतर पाच पत्र्यांना पुरतं. दुसरी : नंबर लावायची धड पद्धत नाही. फोनवर वेळ देत नाहीत, चिठ्ठी देत नाहीत, आधी येईल त्याचं आधी, आणि दुपारी गर्दीत ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. एक साधी वही ठेवली तर निम्मी कटकट मिटेल. तिसरी : ओसरीवरचा कट्टा गेला, तिथे आता काउंटर आहे. वयस्कर बायकांना बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, त्या पुरत नाहीत. गाडी बोळात नेऊ नका, पुलाच्या अलीकडे लावून चालत जा.

आणि एवढं लक्षात ठेवा. सकाळी ११ ते २ ही वेळ उत्तम. चारनंतर आच फार उतरते, नानकटाई भाजली जात नाही, नुसती वाळते. तुमची खूण ठरवून जा. पत्र्यावर गोळे दोन बोटं अंतर सोडून लावा, त्या पसरतात. भाजून आल्यावर लगेच डब्यात भरून झाकण लावू नका, वाफ धरून मऊ पडतात. पूर्ण निवायला तासभर लागतो. पैसे फोनवरूनही घेतात. खारी त्यांची मला विशेष आवडत नाही, थोडी तेलकट असते, पण सकाळचा पाव जाता जाता नक्की घ्या.

घरी आले तेव्हा तीन वाजले होते. झाकणाच्या जागी कापड टाकून डबा आईसमोर ठेवला. तिने एक उचलली, तळहातावर ठेवून नुसती दाबली, चुरा झाला. खाल्ली. म्हणाली, “जायफळ थोडं जास्त झालंय,” आणि दुसरी घेतली. मग दिवाणाखालची स्टीलची ताटली काढायला सांगितली आणि स्वतः मोजून दहा तिच्यात लावल्या. करपटलेली एकही जाऊ दिली नाही. काकू जाऊन बारा वर्षं झाली, ताटली आता त्यांच्या सुनेकडे जाते. मी रुमाल टाकून निघाले तर आईने मागून हाक मारली, “सांग तिला, वेलची कमी करू नकोस म्हणावं. सासूबाई घालायच्या तेवढीच घाल.”